मुरूम लागेपर्यंत

कुंदाताई, मला भीती वाटते आहे.

तुमच्याबद्दल लिहायला बसलो आणि पहिलं वाक्य हे आलं, त्याला माझा इलाज नाही. सरांनी परवा सांगितलं, "प्रशांत, तुझा हात लिहिता आहे. ताईंवर एक पान लिही. शनिवारी चहाच्या वेळी वाचून दाखव, रविवारी फ्रेम करून ओट्यावर लावू." एका पानात तुम्ही! जन्म कुठला, शिक्षण काय, आपल्या डिझाइन फर्ममध्ये ड्राफ्ट्समन म्हणून काढलेली बावीस वर्षं, आणि शेवटी 'हसतमुख स्वभाव'. तुम्ही आणि हसतमुख! तुमच्या टेबलापाशी ड्रॉइंग तपासायला नेताना भल्याभल्यांना घाम फुटायचा. ते पान मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं.

आज शनिवार. सकाळचे आठ वाजलेत, ऑफिस उघडायला अजून दोन तास आहेत. ऑफिसची किल्ली शबानाकडे असते, ती घेऊन मी एकटाच येऊन बसलो आहे. तुमच्या खुर्चीच्या पाठीला उन्हात बांधायचा तुमचा दुपट्टा अजून तसाच अडकवलेला आहे. प्लॉटरच्या मागे, भिंतीला टेकून, तुमची पहार उभी आहे. आधी मी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो. पण पाठ केल्यावर ती जास्तच जाणवायला लागली, म्हणून खुर्ची फिरवून घेतली. आता समोर आहे.

उद्याचं तुम्हाला माहीत नाही. घाटंजीच्या पुढच्या त्या गावातल्या शाळेत आपण श्रमदानातून जो वाचनओटा बांधला, त्याला तुमचं नाव द्यायचं सरांनी ठरवलं आहे. उद्या आपण सगळे, सगळ्यांच्या घरची माणसं, गावातले लोक आणि शाळेची झाडून सारी पोरं त्या छताखाली बसणार आहेत. तुमच्या नावाची पाटी तयार होऊन आली आहे. आणि त्या छताचा तिसरा खांब मुरमावर उभा नाही. तो काळ्या मातीत उभा आहे. हे कालपर्यंत फक्त दोन माणसांना माहीत होतं. त्यातलं एक माणूस गेल्या शुक्रवारी गेलं.

माझ्या भीतीचं कारण हे आहे. पण ते नीट सांगायचं तर मागून यावं लागेल, कारण आपल्याकडे या महिन्यात दोघी नव्या लागल्या आहेत आणि त्यांना तुम्ही कोण होतात, चहा म्हणजे काय, पहार ऑफिसात कशाला, यातलं काहीच माहीत नाही.

मी लागलो त्याच महिन्यात सरांनी पुण्याच्या कुठल्याशा फर्मचं पाहून आपल्याकडे 'स्टाफ गॅदरिंग' काढलं होतं. हॉटेलातला हॉल, फुगे, केक आणि संगीत खुर्ची. गाणं वाजत होतं, सगळे गोल फिरत होते आणि तुम्ही एका खुर्चीवर जी बैठक मारली ती उठायलाच तयार नाही. खेळ घेणारी मुलगी गयावया करत म्हणाली, मॅडम, उठा ना. तुम्ही म्हणालात, "माहे गुडघे दुखतेत. अन् खुर्चीसाठी एकमेकायले धक्के मारून कोनाची टीम बनते वं बाई? आमच्या ऑफिसात हे रोजच चालते." सगळ्यात मोठ्यांदा सर हसले. मग जेवताना तुम्ही त्यांना सांगितलंत की तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीचं दार मोडून पडलं आहे, पुढच्या वेळी हॉल नको, तिथं जमू, दार बसवू आणि तिथंच जेवू.

तो आपला पहिला रविवार. एक दार बसवायला चौदा डिझाइनवाल्यांना पाच तास लागले आणि ते दार नेमकं पायरीच्या बाजूला उघडत होतं. अंगणवाडीच्या सेविकाबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "तुमी लोकायचे घरं बांधता म्हनता ना?" परतताना टेम्पोत हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मला तोपर्यंत ऑफिसात कुणी आपलं वाटत नव्हतं. त्या टेम्पोत वाटलं.

तेव्हापासून महिन्याचा पहिला रविवार कुठल्यातरी गावाचा. मुकुटबनकडे एका शाळेच्या भिंतीवर मुळाक्षरं रंगवली, कुठे बाजाराच्या दिवशी बायांना टेकायला सावलीत बाक केले. आणि शेवटचा शनिवार चहाचा.

चहाची गोष्ट माझ्या आधीची, तुम्हीच सांगितलेली. कळंबच्या एका घराचा जिना तुम्ही काढला होता. पायऱ्यांच्या हिशोबात चूक झाली आणि सगळ्यात वरची पायरी बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच राहिली. घर उभं राहिलं, वास्तू झाली, कुणाच्या लक्षात आलं नाही. घरमालकांचे वडील तिथं ठेचकाळून पडले, खुबा मोडला. फोन आला तेव्हा सर गवंड्यावर खापर फोडून मोकळे होत होते. तुम्ही जागेवरून उठलात. "गवंड्याचं काही नाई चुकलं, सर. कागदावर होतं तसं त्यानं केलं. कागद माहा हाय." मग सगळे एकदम बोलायला लागले, कुणी समजूत घालायला, कुणी वाद घालायला. तुम्ही आत गेलात आणि चहा टाकलात. ट्रे घेऊन आलात आणि म्हणालात, "आधी चहा घ्या. कप रिकामे होयपर्यंत कोनी बोलायचं नाई. मंग जे बोलायचं ते बोला."

मी विचारलं होतं, हे सुचलं कसं? "सुचते कायचं," तुम्ही म्हणालात, "हात कापून राह्यले होते. हातात काहीतरी पायजे होतं."

तोच पुढे नियम झाला. ज्याच्या हातून चूक झाली त्यानं ती सगळ्यांपुढे सांगायची, त्यानंच सगळ्यांना चहा करून द्यायचा, आणि कप रिकामे होईस्तोवर कुणी अवाक्षर काढायचं नाही. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं तर तो हसतो. पण त्या गप्प बसण्यात काय होतं ते बसलेल्यालाच कळतं. चहा गरम असतो, पटकन पिता येत नाही. तेवढ्या वेळात रागावणाऱ्याचा राग खाली बसतो आणि चुकलेल्याला आपली चूक नीट दिसते.

चार वर्षांत मी तो चहा सात-आठ वेळा तरी केला. टाइलचा आकार उलटा लिहिला. क्लायंटच्या बायकोला आवडलेला रंग विसरलो. भलत्याच घराची प्रिंट भलत्याच गावाला पाठवली. सगळ्या हसण्यासारख्या चुका, निवडून आणलेल्या. एकदा रिकामा कप ट्रेमध्ये ठेवताना तुम्ही म्हणालात, "प्रशांत, तुह्या चहात साखर लय अन् चूक कमी असते." सगळे हसले, मीही हसलो. घरी जाताना मात्र तुमचा असा राग आला की रस्ताभर मनातल्या मनात भांडत गेलो.

वाचनओटा हे माझं डिझाइन. सहा बारीक पाइपांवर तोललेलं, एका अंगाला उतरतं छत, खाली पोरांना मांडी घालून वाचायला गार फरशीचा ओटा. मी त्याच्यावर जीव लावला होता, हे खोटं नाही. तुम्ही कागद हातात धरून बराच वेळ पाहिलात. "दिसाले साजरं हाय," म्हणालात. "पाय मजबूत कर." खाली काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया तिच्यावर ठेवायचा नाही, खाली मुरूम लागेपर्यंत खोदायचं. हे तुम्ही मला सांगत होतात. मला! कळंबजवळच्या कापसाच्या घरचा पोरगा मी. आमच्या वावरातल्या भेगेत वैशाखात माझी चप्पल गेली होती, ती अजून वर आलेली नाही. तुम्ही सांगितलंत त्यात वावगं काही नव्हतं, पण मी वैतागलो.

फेब्रुवारीतला तो रविवार. तुम्ही गुडघे दुखत असताना एकेका खड्ड्यात उतरत होतात, पहार मारत होतात आणि कान देत होतात. काळ्या मातीत पहार गपगार शिरते. मुरमाला लागली की खर्र असा आवाज येतो आणि टोकाला पिवळट चुरा लागून वर येतो. "लागला," म्हणायच्या तुम्ही. तुमचा तो शब्द आला की पुढचं काम सुरू.

पाच खड्ड्यांना चार फुटांच्या आतच लागला. तिसऱ्याला लागेना. चार फूट झाले, साडेचार झाले, काळीच. पूर्वी तिथं कधी नाली असेल, भरून निघालेली. दुपारचा एक वाजून गेला होता. पलीकडे गावातल्या बायांनी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजले होते आणि वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. बाकीचे सगळे फावडी टाकून हात धुवायला गेले. शेवटच्या खड्ड्यासाठी कालवलेलं काँक्रीट पत्र्यावर पडून होतं. खड्ड्यापाशी तुम्ही आणि मी.

"अजून खोल घे," तुम्ही म्हणालात.

मी म्हणालो, पुरे झालं, पत्र्याचं तर छत आहे, भार असा कितीसा.

"पाच पाय मुरमावर अन् एक मातीत. मंग ते कसं उभं राह्यन? हे काँक्रीट जाऊ दे. जेवून घेऊ, दुपारून नवं कालवू. काहून घाई करतं?"

आणि मी म्हणालो, "ताई, आर्किटेक्ट मी आहे. तुम्ही ड्राफ्ट्समन आहात."

तुमचा चेहरा बदलला नाही. तो बदलला असता तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही पहार माझ्या हातात दिलीत, पदराला हात पुसलेत आणि पंगतीत वाढायला निघून गेलात. मी खड्डा भरून टाकला.

भाजी वाढत वाढत तुम्ही माझ्या पानापाशी आलात आणि थांबलात. "लागला?" मी म्हणालो, "लागला." तुम्ही भाजी वाढलीत.

संध्याकाळी सामान टेम्पोत चढत होतं. शाळेच्या भिंतीला टेकवलेली पहार तुम्ही उचललीत आणि सवयीनं टोक पाहिलंत. टोकाला काळी माती होती. पिवळा कण नावालाही नाही. लहान लेकराचं नाक पुसावं तसं तुम्ही ते टोक अंगठ्यानं पुसलंत आणि पहार आत ठेवलीत. मी बघत होतो. मी बघतो आहे हे तुम्हाला दिसलं. तुम्ही टेम्पोत चढलात, आणि त्या दिवसापासून मी तुम्हाला घाबरायला लागलो.

दर शेवटच्या शनिवारी मी तुमच्याकडे बघत बसायचो. आता बोलतील, आज बोलतील. तुम्ही चटईवर बसून विचारायच्या, "आज कोन करते चहा?" तुमची नजर सगळ्यांवरून फिरायची, माझ्यावर जास्त थांबायची नाही, कमीही थांबायची नाही. कुणीतरी दुसरं उठायचं. माझी सुटका व्हायची आणि मी त्या महिन्याचा चहा घटाघटा पिऊन जीभ भाजून घ्यायचो. मार्च गेला, एप्रिल गेला. तुम्ही माझी ड्रॉइंगं पहिल्यासारखीच तपासत होतात, तेवढाच लाल पेन चालवत होतात. मला वाटायचं, एकदा ओरडा तरी. सरांना सांगा, सगळ्यांसमोर माझी शोभा करा, एकदाचं होऊन जाऊ द्या. आणि त्याच वेळी वाटायचं, देवा, यांनी कधीच बोलू नये.

भाद्रपदात शाळेतून राठोड मॅडमचा फोन आला. तो मी उचलला. "सर, फरशीले चीर गेली, बोट जाते तिच्यात." दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता एकटाच मोटरसायकलनं गेलो. चीर तिसऱ्या खांबाच्या बुडापासून निघून ओट्याच्या काठापर्यंत गेली होती. ओळंबा सोडून पाहिला, खांब दीड बोट कलला होता. वर छताला जिथं तो जोडला आहे तिथला रंग सोलून निघाला होता. काय करायला हवं ते मला चांगलं माहीत होतं. मी गावातल्या दुकानातून सिमेंट आणलं, चीर भरली, घोटली, वरून रंगाचा हात मारला. राठोड मॅडमना म्हटलं, नवीन बांधकामाला असं होतंच. निघताना एक पोरगी पुस्तक छातीशी धरून उभी होती. तिनं विचारलं, "सर, आता नाई ना पडत?"

"नाही," मी म्हणालो.

ताई, तेव्हापासून ती पोरगी मला दिसते. दात घासताना दिसते, गाडीला किक मारताना दिसते. पाऊस आला की दिसते आणि ऊन पडलं की जास्त दिसते, कारण आता माती आकसायला लागली आहे.

मागच्या गुरुवारी, सुटायच्या वेळेला, तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात. "परवा शनिवार हाय. चहा तू कर. मी अद्रक आणून ठेवतो." मी म्हणालो, "माझी कुठली चूक, ताई? या महिन्यात तर काही झालं नाही." तुम्ही डोक्याला दुपट्टा गुंडाळत होतात. "पाह्य," म्हणालात, "सापडन." आणि जिना उतरून गेलात. एकेक पायरी, कठड्याला धरून. मी खाली सोडायला आलो नाही, रागानं कॉम्प्युटर बंद करत बसलो. आपलं शेवटचं बोलणं ते.

शुक्रवारी सकाळी सातला शबानाचा फोन आला. पाणी भरता भरता तुमच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. ती रडत होती, मी नुसता हो हो म्हणत होतो. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. सुटलो, असं आलं. श्वासभरच. मग मी मोरीत जाऊन रडलो, आणि त्यानंतरचं रडणं खरं होतं, अजून आहे. पण आधी ते आलं. खांब पडेल याची मला जेवढी भीती आहे, त्याहून जास्त त्या एका श्वासाची आहे.

तुमच्या घरी आम्ही सगळे गेलो होतो. वंदना झाली, तुमच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. मग तुमच्या मुलीनं चहा आणला. कप हातात आले आणि आपल्या ऑफिसचे सगळे सवयीनं एकदम गप्प झाले, कप रिकामे होईपर्यंत. तिला वाटलं असेल, दुःखानं बोलवत नाही. माझ्याकडे पाहत ती म्हणाली, "आई तुमचं लय नाव काढे." काय नाव काढायच्या, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

परतताना सरांनी ओट्याला तुमचं नाव द्यायची कल्पना काढली. सगळ्यांचे डोळे भरून आले. मी म्हणालो, "छान आहे, सर."

मी गप्प राहिलो असतो. हे मला तुमच्यापासून लपवायचं नाही. चीर बुजलेली आहे, वर रंग आहे, टोक तुम्ही पुसून ठेवलं आहे आणि तुम्ही बोलायला नाही. कदाचित तो खांब आणखी दहा वर्षं तसाच उभा राहील. कदाचित उद्या दुपारपर्यंतच राहील. काल जेवणानंतर शबाना पाटी घेऊन माझ्याकडे आली. पितळेची, छोटीशी, फक्त 'कुंदाताई' एवढंच. तिनं ती कापसात गुंडाळून आणली होती. "प्रशांत, मी सोचत होती, पाटी तिसऱ्या खंब्याले लावू. फाटकातून आत आलं की बराबर तिच्यावरच नजर पडते."

मी पाटी पुन्हा कापसात गुंडाळून तिच्या हातात दिली. जिन्यात गेलो, मधल्या पायरीवर बसलो आणि राठोड मॅडमना फोन लावला. म्हटलं, मॅडम, रविवारी पोरांना ओट्यावर बसवू नका.

पलीकडून त्या म्हणाल्या, "सर, पोट्टे तर गनपती झाल्यापासून तिथं बसलेच नाई. कुंदाताई आलत्या ना. यष्टीनं, एकट्याच. मीच सांगतलं होतं त्यायले चिरीचं. घंटाभर खंब्यापाशी बसून राह्यल्या. जाता जाता म्हनाल्या, जमीन अजून बसून राह्यली, प्रशांत सोता येऊन सांगत नाई तोवर लेकरायले इथं बसू देऊ नका. मी दोरी बांधली. मंग परवा तुमच्या मोठ्या सरायचा फोन आला कार्यक्रमाचा. मले वाटलं, तुमीच सांगतलं असन. म्हनून काल सोडली दोरी."

मी म्हणालो, पुन्हा बांधा. आत्ता बांधा. त्यांनी विचारलं, काय झालं सर? मी सांगितलं. खड्डा, काँक्रीट, 'लागला', सिमेंट, रंग, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होतो आणि जिन्यातून माझा आवाज खालपर्यंत जात होता. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या पोरीले तुमी नाई पडत म्हनून सांगतलं होतं, सर." आणि फोन ठेवला. पंधरा मिनिटांनी त्यांनी दोरी बांधल्याचा फोटो पाठवला.

गणपतीनंतर तुम्ही गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून सुटी घेतली होती. मला आठवतं, कारण त्या दिवशी मी सुखानं जेवलो होतो. आणि तुम्ही त्याच गुडघ्यांनी दोन यष्ट्या बदलून तिथं गेलात, चीर पाहिलीत, वरचा रंग पाहिलात. तो रंग कुणी मारला ते तुम्हाला विचारायची गरज नव्हती. परत आलात आणि दुसऱ्या दिवशी माझं ड्रॉइंग तपासलंत.

ताई, आता मी तुमच्याशी भांडतो. हे तुमचं चुकलं. सरांना त्याच दिवशी सांगायला हवं होतं. दोरी बांधून किती दिवस काढणार होतात? बघा ना, तुम्ही गेलात आणि आठ दिवसांत दोरी सुटली. पोरांचं तुम्ही पाहिलंत, पण माझ्यासाठी थांबायला नको होतं. मी आपणहून बोलेन असं तुम्हाला कशावरून वाटलं? गेल्या शनिवारी तुम्ही असतात तर मी चहा केला असता, अद्रक घालून केला असता, आणि टाइलचीच काहीतरी चूक सांगितली असती. मला मी ठाऊक आहे. तुमच्यासारख्या बाईनं माझ्यासारख्यावर एवढा भरवसा ठेवायचा?

याचं उत्तर तुम्ही दिलं असतंत. चष्म्यावरून पाहत काहीतरी असं बोलला असतात की मी चार दिवस जळफळलो असतो. ते आता मिळणार नाही, आणि हे भांडण माझ्याच अंगावर राहणार. माझ्यासाठी आजवर कुणी एवढी वाट पाहिली नव्हती, ताई. आईनंसुद्धा नाही. ती लगेच ओरडायची.

दहा वाजत आले. आता मला ठरल्याप्रमाणे सांगायचं आहे. गेल्या शनिवारी राहून गेलेला चहा आज ठेवला आहे, आणि तो सरांनी खालच्या टपरीवरून मागवायचं ठरवलं होतं, ताईंच्या आठवणीत आज कुणाची चूक नको म्हणून. तो मी नको म्हणून सांगून येतो. आज चार वाजता हा कागद मी वाचणार आहे, आणि चहा मी करणार आहे. उद्या कार्यक्रम नाही. उद्या सरांनी मला नेलं तर मी पहार घेऊन जाईन. त्यांनी फर्ममधून काढलं तर एकटा जाईन. छताला टेकू देऊन तिसरा खांब काढायचा आहे आणि खाली खोदायचं आहे, साडेचार, पाच, सहा फूट, जितकं लागेल तितकं. पाटी मुरूम लागल्यावर लावू. तोवर ती शबानानं कापसातच ठेवावी. आणि त्या पोरीला जाऊन सांगायचं आहे की मी तुला खोटं सांगितलं होतं. त्याची सगळ्यात जास्त धास्ती आहे.

मघाशी चहाचं सामान बघायला आत गेलो होतो. साखरेच्या डब्यामागे कागदाची पुडी होती, सोडून पाहिली. अद्रक. तुम्ही गुरुवारीच आणून ठेवलं होतं, मला सांगायच्या आधी. थोडं सुकलं आहे, एका बाजूला कोंब फुटला आहे, पण चालेल.

चार वाजता पहिला कप तुमच्या टेबलावर ठेवीन. तो रिकामा व्हायचा नाही, आणि कप रिकामा झाल्याशिवाय बोलायचं नाही हा नियम तुमचाच, त्यामुळे तुम्ही काही बोलणार नाही हे मी धरून चाललो आहे. बाकीचे बारा कप रिकामे होतील. मी बारा जणांसमोर उभा राहीन आणि कुणाचा कप किती उरला आहे ते बघत राहीन.

मला भीती वाटते आहे, ताई. अद्रक किसून ठेवतो.